गंजाला कारण लागतं

उघड्यावर पडलेल्या लोखंडी पत्र्याला गंज चढायला पुण्यातला एक पावसाळा पुरतो. साडेचोवीस सेंटीमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या रेल्वे डब्याला गंज चढवायला मला पाच रविवार लागले. त्यातले तीन रंगात गेले आणि दोन बाबांशी वाद घालण्यात.

मी दिवसा हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी बॅकएंडचा कोड लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी आठ फूट बाय अडीच फुटांच्या प्लायवूडवर एक छोटं स्टेशन बांधते. मॉडेल रेल्वे हा छंद ज्यांच्या ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडं गणित. या छंदात एचओ नावाचं माप सर्वांत जास्त चालतं: १ ला ८७. खरी वस्तू ८७ पट लहान करायची. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटीमीटरपेक्षाही किंचित बुटका होतो. चेन्नईच्या पेरांबूरमधल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीवरून ज्याला आयसीएफ डबा म्हणतात, तो आपला नेहमीचा निळा डबा खरा एकवीस मीटरहून थोडा लांब असतो. माझ्या टेबलावर तो साडेचोवीस सेंटीमीटर.

एक अडचण मात्र सुरुवातीलाच येते. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. हिशोबाने माझे रूळ १९ मिलिमीटरहून रुंद हवेत. भारतीय गाड्यांची एचओ मॉडेलं करणारे बहुतेक जण ही पावणेतीन मिलिमीटरची तडजोड मुकाट्याने पोटात घालतात. पायाच्या मापातच खोट आहे म्हटल्यावर बाकी सगळं खरं दिसावं म्हणून जास्त खपावं लागतं. आणि आपल्या खऱ्या गाड्यांवर डोळ्यांना पहिल्यांदा काय दिसतं? धूळ, तेलाचे डाग आणि गंज.

नव्याकोऱ्या मॉडेलला मुद्दाम जुनं, वापरलेलं करण्याच्या या कामाला छंदातले लोक ‘वेदरिंग’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेमध्ये जॉन ॲलन नावाचा एक फोटोग्राफर होता. त्याने घराच्या तळघरात एक अख्खा काल्पनिक डोंगराळ रेल्वेमार्ग उभा केला होता आणि त्यावरची इंजिनं, डबे, शेड सगळं जुनाट, झिजलेलं दिसेल असं रंगवलं होतं. खेळण्यासारख्या चकचकीत गाड्यांच्या काळात हे नवीन होतं. १९७३ च्या जानेवारीत तो गेला, आणि त्यानंतर काही दिवसांतच घराला आग लागून त्याचं जवळपास सगळं काम जळालं. आज उरलेत ते मुख्यतः त्याने काढलेले फोटो. वेदरिंग करणारे लोक अजूनही त्याचं नाव घेतात.

पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला हे वेड लागण्याचं ठिकाण जवळपास ठरलेलं आहे: कोथरूडचं, भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं, म्हणजे ते आणि मी साधारण बरोबरीचे. तिथलं ते छोटं शहर, दिवे मालवल्यावर पडणारी त्याची रात्र आणि एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या शाळेच्या सहलीत पाहिल्या. त्या वयात कुणी गंज दाखवला असता तरी मला तो घाणच वाटला असता. घरी तर तो शब्द शिवीसारखा वापरला जायचा.

कारण बाबा. बाबांनी ३४ वर्षं रेल्वेत काढली, कॅरेज अँड वॅगन विभागात. खलाशी म्हणून लागले, फिटर झाले, सीनियर टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. घोरपडीच्या यार्डात डब्यांखाली वाकून, पिटमध्ये उतरून, हातोडी आणि टॉर्च घेऊन त्यांनी जे शोधलं त्यात गंज फार वरच्या नंबरवर होता. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष ते घरात फारसे बोलत नव्हते. पेपर वाचायचे, पेपर घडी करायचे.

पहिल्या रविवारी मी ड्राय बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून बसले होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

“काय करतेयस?”

“गंज लावतेय.”

“कशाला?”

“खरा दिसायला.”

त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला, बोटाने बोगी फिरवून पाहिली. “चांगला डबा आहे. कशाला वाटोळं करतेस?”

मी त्यांना मोबाइलवर परदेशी मॉडेलांचे फोटो दाखवले. सोलवटलेल्या वाघिणी, गंजाने लाल झालेली छपरं. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “गंज म्हणजे कुणीतरी काम केलं नाही. त्याचं काय प्रदर्शन?”

मला जे वास्तव वाटत होतं, तो त्यांना त्यांच्या नोकरीवरचा शेरा वाटत होता. यावर आम्ही दोन रविवार भांडलो. मग तिसऱ्या रविवारी त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “लावणारच असशील तर आधी सांग. पाणी कुठून आलं?”

पाणी कुठून आलं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत कोरोजनचा एक धडा असतो. बहुतेक जण तो परीक्षेपुरता वाचतात. त्याचा सारांश असा: लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो. तिघांतला एक दूर ठेवा, थांबतो. म्हणून तेल, म्हणून रंग. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो रंगाच्या खाली फुगतो. रंगाला फोड येतो, फोड फुटतो, त्यातून आणखी पाणी आत जातं. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं हे मुळात विजेचंच काम आहे, म्हणून खारं पाणी लोखंडाला लवकर खातं. ताजा गंज नारिंगी असतो, जुना होईल तसा तपकिरी होतो. जिथे ओल आहे पण हवा कमी आहे तिथे तर जवळजवळ काळा.

बाबांनी हा धडा कधी वाचला नव्हता, पण त्यांना तो डब्याच्या नकाशासकट पाठ होता.

“डब्याच्या मधे नको लावू, दोन्ही टोकांना लाव. संडास कुठे असतात? टोकाला. पाणी कुठे सांडतं? टोकाला. टाकी भरताना पाणी कुठून उतू जातं? टोकाला.” मग खिडक्या. खिडकीच्या खालच्या कडेला पावसाचं पाणी थांबतं, तिथून ओघळ उतरतो. मग दरवाजा, पायरीच्या वरचा पत्रा, जिथे लाखो चपलांनी रंग घासलेला असतो. मग सोलबार, म्हणजे डब्याच्या दोन्ही कडांना खाली लांबलचक धावणारी तुळई. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्रफ फ्लोर. प्रवासी ज्यावर उभे असतात त्या जमिनीच्या खालचा पन्हाळीसारखा पत्रा. तो वरून दिसत नाही, खालून वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि संडासाच्या खाली सगळ्यात आधी तोच जातो.

“आणि मासळीचं पार्सल ज्या डब्यातून जातं, तो डबा ओळखायला नंबर वाचावा लागत नाही,” ते म्हणाले. बर्फ वितळतो, खारं पाणी दाराच्या फटीतून उतरतं, आणि दाराखाली लाल मिशा उगवतात. मिशा हा त्यांचाच शब्द.

रुळांचीही तीच गोष्ट. गाडीतले संडास थेट रुळावर उघडत तेव्हा खालच्या रुळांना आणि ते धरून ठेवणाऱ्या लोखंडी वस्तूंना त्याचा त्रास व्हायचा. २०१२ साली अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने हे संडास बंद करण्याचा आग्रह धरला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. पुढे डीआरडीओच्या मदतीने बनवलेले बायोटॉयलेट सगळीकडे आले. आपण प्रवासी म्हणून त्याकडे स्वच्छतेचा प्रश्न म्हणून पाहिलं. पिटमध्ये उभ्या असलेल्या माणसासाठी ते डोक्यावर पडणारं पाणी होतं, आणि बाबांनी ही गोष्ट ३४ वर्षांत जेवताना कधी सांगितली नव्हती.

आता रंगाचं काम. इंटरनेटवरचे व्हिडिओ नारिंगी रंगाने सुरू होतात. कारण विचारलं की क्रम आपोआप उलटा होतो: जुना गंज आधी, नवा नंतर. प्रायमरवर जिथे जिथे पत्रा खराब झालाय तिथे बर्न्ट अंबरचा गडद तपकिरी हात. त्यावर भांडी घासायच्या स्पंजचा फाडलेला तुकडा घेऊन थोडा लालसर तपकिरी रंग टिपायचा. टिपण्याआधी तो तुकडा कागदावर जवळपास कोरडा करून घ्यायचा. नारिंगी अगदी शेवटी, अगदी थोडा, फोड नुकताच फुटलाय अशा जागी.

मग मिठाची युक्ती. गंजाचा रंग वाळला की त्या जागी पाण्याचा हात फिरवून चिमूटभर मीठ टाकायचं. वाळू द्यायचं. आता त्याच्यावरून डब्याचा निळा रंग स्प्रे करायचा. निळा सुकला की ओल्या टूथब्रशने मीठ घासून काढायचं. मीठ जिथे होतं तिथे निळा रंग उडतो, खालचा गंज दिसतो, आणि कडा अशा वेड्यावाकड्या येतात की हाताने काढून कधी जमणार नाही. ब्रशने काढलेल्या डागात माणसाची सवय दिसते, एकसारखे आकार परत परत येतात. मिठाला सवय नसते. बाबा हे पाहून पहिल्यांदा हसले. “मिठाने लोखंड गंजतं हे माहीत होतं. प्लास्टिकपण गंजतं हे आज कळलं.”

शेवटी ओघळ. खिडकीच्या कोपऱ्यात ऑइल कलरचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. ठिपका विरघळत खाली जातो, पातळ होत नाहीसा होतो. सहा मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या डब्यावरचा अर्धा मीटर. इथे हात आवरावा लागतो.

गेरू, काव, रेड ऑक्साइड

या कामाचं बहुतेक सामान पेठांमध्येच मिळतं. अप्पा बळवंत चौकात रंगांच्या ट्यूब. तपकीर गल्लीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे सर्किट बोर्ड पुसायला वापरतात आणि मी रंगाची पूड चिकटवायला आणि रूळ पुसायला वापरते. आणि रविवार पेठेत बोहरी आळीत गेरू. हो, तोच गेरू, जो आई दिवाळीआधी कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावते. बारीक चाळणीतून, मग जुन्या ओढणीतून गाळून घेतला की डब्याखालच्या भागावर भुरभुरायला यासारखी पूड नाही. बोगीवर, चाकांच्या आसपास जो तपकिरी थर दिसतो तो पुष्कळसा ब्रेकमधून झडलेला असतो. पूर्वीचे ब्रेक ब्लॉक बिडाचे असत. दर वेळी ब्रेक लागला की बिडाची पूड उडायची, ती सगळ्या खालच्या भागावर बसायची आणि तिथेच गंजायची.

गेरू चाळताना मला एक गंमत कळली. गेरूचा लाल रंग आयर्न ऑक्साइडचा असतो. ट्यूबमधला बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर हे मूळचे लोहयुक्त मातीचे रंग. सिएना हे नाव इटलीतल्या एका गावावरून आलं, तिथली पिवळी माती भाजली की ती तांबूस होते. म्हणजे मी प्लास्टिकवर गंजाचा खोटा रंग लावत होते, तो रंग मात्र खऱ्या गंजाचा सख्खा भाऊ होता. कोकणातला जांभा दगड, तिथली लाल माती, देवळांच्या भिंतींवर चित्रं काढायला वापरलेली काव, सगळं त्याच घराण्यातलं.

यात आश्चर्य वाटायचं खरं तर कारण नाही. खाणीतून लोखंड येतं तेव्हा ते ऑक्सिजनशी जोडलेलंच असतं. भट्टी पेटवून, कोळसा जाळून आपण ती जोडी तोडतो. गंजणं म्हणजे लोखंडाने आपलं जुनं घर गाठणं. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उभा आहे, तोही गंजलाय. फक्त त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे त्याच्यावर जो पातळ थर बसला त्याने आतल्या लोखंडाला सांभाळलं.

आणि सगळ्यात उलटी गोष्ट आपल्या खिडकीवरच असते. नवीन ग्रिल लावलं की रंगारी आधी लाल प्रायमर मारतो. त्याला आपण रेड ऑक्साइड म्हणतो. कसलं ऑक्साइड? लोखंडाचंच. ज्या पदार्थाला आपण घाबरतो त्याचीच पूड तेलात कालवून लोखंडाला पहिला हात देतो. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “वर्कशॉपमध्येही डबा उघडा केला की पहिला हात लाल प्रायमरचाच.” त्यांना यात विरोधाभास दिसत नव्हता. एकाच गोष्टीने नुकसान पण होतं आणि राखण पण होते, यात त्यांना विशेष काही वाटलं नाही.

रुळाचं डोकं

माझ्या स्टेशनात एक पिट लाइन आहे, जिथे डबे तपासणीसाठी उभे राहतात. तिचे रूळ रंगवताना बाजूंना तपकिरी रंग आणि गेरू लावला, पण वरचा माथा कोरा, चकचकीत ठेवला. खऱ्या रुळाचा माथा चाकांनी रोज घासला जातो म्हणून तो चमकतो. एखाद्या फाट्यावर गाडी येत नसेल तर चारच दिवसांत, पावसाळ्यात त्याहून लवकर, माथ्यावर लाली येते. यार्डातल्या माणसाला ती लाली वाचता येते: या लायनीवर इतक्यात काही आलेलं नाही.

मॉडेलमध्ये माथा स्वच्छ ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. गाडीला वीज रुळांतूनच मिळते. माथ्यावर रंगाचा किंवा धुळीचा थर बसला की इंजिन आचके देतं. खऱ्या रेल्वेत हाच मुद्दा फार गंभीर आहे. दोन रुळांमधून हलका करंट सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, सर्किट शॉर्ट होतं आणि सिग्नल यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. रुळावर गंजाचा थर बसला असेल तर चाकांचा संपर्क नीट होत नाही. गाडी समोर उभी असते आणि यंत्रणा म्हणू शकते, लाइन रिकामी आहे.

मी दिवसभर असल्याच गोष्टींशी झगडते. सर्व्हर खरा बंद आहे की फक्त त्याच्याकडून निरोप येत नाहीये? दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. आमच्याकडे त्यावर लांबलचक डॉक्युमेंट असतात. रेल्वेत त्यावर बराच काळ अशा माणसांचा डोळा होता ज्यांना रुळाच्या माथ्यावरची लाली दिसते.

रस्टिक

पुण्यात सध्या गंजाला बरे दिवस आहेत. कोरेगाव पार्कातल्या एखाद्या कॅफेत गेलात तर भिंतीवर गंजलेल्या पत्र्यासारखा टेक्स्चर पेंट दिसेल, मेन्यूवर ‘रस्टिक’ हा शब्द दिसेल. तो पेंट मी जवळून पाहिलाय. डाग सगळीकडे सारखे, ओघळ कुठूनही सुरू होऊन कुठेही संपणारे. तो बघताना आता माझ्या डोक्यात बाबांचाच प्रश्न येतो: पाणी कुठून आलं?

या फॅशनचा एक धागाही रेल्वेकडे जातो. १९३० च्या दशकात अमेरिकेत यूएस स्टीलने कॉर-टेन नावाचं पोलाद आणलं. त्यात तांबं, क्रोमियम वगैरे थोडं मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूला वाचवतो. सुरुवातीला ते कोळशाच्या वाघिणींसाठी वापरलं गेलं. मग १९६४ साली पूर्ण झालेल्या, ट्रॅक्टरवाल्या डीअर कंपनीच्या मोलीनमधल्या मुख्यालयासाठी ईरो सारिनेनने तेच पोलाद उघडं ठेवलं आणि वास्तुरचनाकारांना गंज आवडू लागला. आपल्या रेल्वेनेही डबे आणि वाघिणींसाठी या जातीचं पोलाद वापरलं. पण ते टिकतं कधी? ओलं होऊन पुन्हा वाळायला मिळालं तर. संडासाखालच्या, कधीच न वाळणाऱ्या पत्र्याला ती सवलत नसते.

गंज सुंदर दिसतो, हे मी नाकारणार नाही. मी त्याच्यासाठीच पाच रविवार दिले. पण तो सुंदर दिसायला बघणाऱ्याला अंतर लागतं. ज्याला उद्या सकाळी त्याच पत्र्याखाली झोपून वेल्डिंग करायचंय त्याला ते अंतर नसतं. माझ्याकडे ते आहे, कारण बाबांनी मला त्या पिटपासून लांब ठेवण्यासाठी फी भरली.

आता तो पत्राही जातोय. आयसीएफने जुन्या पद्धतीचे डबे बनवणं २०१८ च्या जानेवारीत थांबवलं. नवीन येतात ते एलएचबी, मूळ जर्मन रचनेचे, स्टेनलेस स्टीलचे. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीनही २२ जून २०२२ पासून एलएचबी झाली. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा इतका पातळ थर असतो की तो दिसत नाही, पण तो पोलादाला सांभाळतो आणि ओरखडा पडला तर स्वतःच भरून येतो. जुन्या आयसीएफ डब्यांपैकी काहींच्या खिडक्या पत्रे मारून बंद केल्या जातात, टोकाला दारं बसवली जातात आणि त्यातून मोटारी जातात. चिंचवडला मोटारी भरल्या जाताना असे डबे पाहायला मिळतात.

मला वाटलं होतं की बाबांना या सगळ्याचं वाईट वाटत असेल. तसं काही नव्हतं. “एलएचबी चांगला. ठोकर बसली तर डब्यावर डबा चढत नाही. माणसं वाचतात,” एवढंच म्हणाले. मग थोडा वेळ थांबून: “आमची हातोडी मात्र आता कामाची नाही.”

पत्र्यावर हातोडी मारली की चांगला पत्रा वाजतो. आतून गेलेला पत्रा बद्द बोलतो, वरचा रंग कितीही ताजा असला तरी. ही गोष्ट मॅन्युअलमध्ये लिहिलेली असेलही, पण बद्द आवाज म्हणजे नक्की केवढा बद्द, हे मॅन्युअलमधून ऐकू येत नाही. हे ज्ञान मोठ्ठ्या कष्टाने येतं, आणि ज्या पत्र्यासाठी ते होतं तो पत्राच गेला की ते बाबांकडे नुसतं पडून राहतं. निवृत्तीनंतरच्या त्या गप्प वर्षाचा अर्थ मला रंग लावताना थोडा कळला.

पीओएचची तारीख

चौथ्या रविवारी डबा जवळपास तयार होता. बाबांनी तो टोकाकडून पाहिला आणि विचारलं, “पीओएच कधी झालंय?”

पीओएच म्हणजे पिरियॉडिक ओव्हरहॉल. आयसीएफचा डबा साधारण दीड वर्षाने वर्कशॉपमध्ये जातो. मध्य रेल्वेचे बरेच डबे माटुंग्याला जातात. तिथे तो उघडतात, सडलेला पत्रा कापतात, नवा वेल्ड करतात, प्रायमर, रंग, आणि डब्यावर वर्कशॉपचं नाव, ओव्हरहॉलची तारीख आणि परत कधी यायचं ती तारीख रंगवतात. आपण प्लॅटफॉर्मवर आपला सीट नंबर शोधताना ती अक्षरं कधी वाचत नाही.

“आधी तारीख ठरव,” ते म्हणाले. “महिन्यापूर्वी आलेला असेल तर एवढा गंज नसतो. वर्ष झालं असेल तर असतो. आणि पॅच कुठेय? एवढा जुना डबा आणि एकपण पॅच नाही?”

पॅच म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या जागी बसवलेला नवा तुकडा. आमच्या धंद्यातही हाच शब्द. पण आम्ही पॅच अशा प्रकारे लावतो की वापरणाऱ्याला पत्ता लागू नये. डब्यावरचा पॅच दिसतो, निदान तिरप्या उन्हात: कडेला वेल्डिंगची उंचवटी, मधला भाग थोडा जास्त सपाट, रंगाची छटा किंचित वेगळी.

मी टोकाच्या खिडकीखाली एक आयत आखला, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने कड उचलली, त्यावर थोडा ताजा निळा रंग दिला. त्याच्या आत एकही डाग ठेवला नाही. भोवतीचा गंज त्या कडेपाशी येऊन थांबतो. एवढ्या एका आयताने डब्याचं सगळं रूप बदललं. आधी तो गंजत पडलेला डबा होता. आता तो असा डबा झाला, ज्याला कुणीतरी सांभाळतंय आणि जो तरीही गंजतोय. रोज धावणारी वस्तू अशीच असते.

मग तारीख. खऱ्या डब्यावरचं दहा सेंटीमीटरचं अक्षर माझ्या डब्यावर एक मिलिमीटरहून थोडं मोठं होतं. तीन शून्यांचा ब्रश, श्वास रोखून. बाबांनी तारखा सांगितल्या, मी लिहिल्या. पाचव्या रविवारी मॅट वार्निश मारून, वाळवून डबा पिट लाइनवर ठेवला. बाबांनी देवघराशेजारचं भिंग आणलं, टोकाची अक्षरं वाचली आणि बोटांवर महिने मोजले.

“अजून चार महिने आहेत परत जायला,” ते म्हणाले. “तोवर चालेल.”